दुसऱ्या डोंगरावरचा दगड

नागोयात ऑनसाइट असताना एका सोमवारी सकाळी आम्हा सगळ्या टीम्सना एका मोठ्या मीटिंग रूममध्ये बोलावलं होतं. दुसऱ्या एका प्रोजेक्टचा सर्व्हर बंद पडला होता. तेवढ्यानं कुणी घाबरलं नसतं, कारण बॅकअप होता. बॅकअपची फाइल रोज रात्री नेमानं तयार होत होती आणि रिपोर्टमध्ये तिच्यापुढे रोज हिरवी खूण पडत होती. पण प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा ती फाइल उघडेना. दोन वर्षांत ती एकदाही कुणी उघडून बघितलेली नव्हती.

काय चुकलं, का चुकलं, यावर पाऊण तास प्रेझेंटेशन झालं. शेवटच्या स्लाइडवर फक्त चार अक्षरं होती : 'ताझान नो इशि'. म्हणजे दुसऱ्या डोंगरावरचा दगड. शब्दप्रयोग मूळचा चिनी, अडीच हजार वर्षांहून जुन्या एका काव्यसंग्रहातला. दुसऱ्या डोंगरावरचा ओबडधोबड दगडसुद्धा आपल्याकडचं रत्न घासायला उपयोगी पडतो, असा त्याचा भाव. जपानी ऑफिसांत तो सर्रास वापरतात. दुसऱ्याच्या चुकीवरून आपण शिका, असं सांगायचं असलं की हाच. आपल्याकडे 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' म्हणतो ना, तसंच.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. अडचण एवढीच होती, की आमच्या प्रोजेक्टचा बॅकअपही कधी कुणी उघडलेला नव्हता, हे मला माहीत होतं. दर सहा महिन्यांनी आम्ही आपत्तीचा सराव करायचो. वेळापत्रक आधीच ठरलेलं, कोण कधी फोन करणार ते ठरलेलं, 'सर्व सुरळीत' हा मेल कधी जाणार तेही ठरलेलं. 'बॅकअप तपासला' या ओळीपुढे मीच स्वतःच्या हातानं टिक केली होती. तपासलं काय होतं, तर फाइल जागेवर आहे की नाही एवढंच.

मॅनेजरनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" दहा सेकंद खोलीत शांतता होती. त्या शांततेत माझाही वाटा होता.

त्या संध्याकाळी खोलीवर आल्यावर त्या चार अक्षरांचा नेमका अर्थ बघावा म्हणून मी शोधत बसले. माझं जपानी कामापुरतं आहे. शोधता शोधता अर्थाबरोबर एक नाव समोर आलं. १९३४ ते १९४१ या काळात, मी राहत होते त्याच शहराच्या वेशीवरून, एक म्हातारा माणूस एकट्यानं एक छोटं पाक्षिक काढत होता. देशाच्या राजकारणावर त्यात तो लिहायचा आणि सरकार त्याचे अंक जप्त करायचं. पाक्षिकाचं नाव 'ताझान नो इशि'. माणसाचं नाव किर्यू यूयू.

आणि त्या माणसाची नोकरी गेली होती ती एका सरावावर लिहिल्यामुळे. मग मात्र मी उठून बसले.

नोकऱ्या सोडणारा संपादक

किर्यू यांचा जन्म १८७३ चा, कानाझावा शहरातला. घराणं सामुराईंचं, पण खालच्या थरातलं आणि गरीब. मेइजी काळात सामुराईंची वतनं गेली, तलवारी गेल्या, आणि त्या घरांतली बरीच मुलं शिकून नोकरीच्या वाटेला लागली. आपल्याकडे पेशवाई बुडाल्यावर अनेक घरांत जे झालं, त्याच्याशी हे थोडंफार जुळतं. खरं नाव मासाजी. 'यूयू' हे लेखनाचं नाव. पुढे मोठा कादंबरीकार झालेला तोकुदा शूसेइ हा त्यांचा शाळूसोबती. दोघंही लेखक व्हायचं म्हणून टोकियोला पळाले होते. तेव्हा जमलं नाही. किर्यू परत आले, पुन्हा शिकले आणि टोकियोच्या इम्पिरियल युनिव्हर्सिटीतून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले.

त्या काळात त्या पदवीवर सरकारी नोकरी आणि सुखाचं आयुष्य सहज मिळालं असतं. यांनी वर्तमानपत्रं धरली. एक सोडलं, दुसरं धरलं, असं करत १९१० साली ते डोंगराळ नागानो प्रांतातल्या 'शिनानो माइनिची' या दैनिकाचे मुख्य संपादक झाले.

दोनच वर्षांनी पहिला मोठा प्रसंग आला. १३ सप्टेंबर १९१२ रोजी सम्राट मेइजींची अंत्ययात्रा निघाली आणि त्याच संध्याकाळी जनरल नोगी मारेसुके आणि त्यांच्या पत्नी शिझुको यांनी आत्महत्या केली. धन्यामागून सेवकानं जीव द्यायचा, ही जुनी प्रथा. नोगी म्हणजे रशियाविरुद्धच्या युद्धातले वीर. सगळा देश हेलावला होता. किर्यूंनी अग्रलेख लिहिला, की ही टाकून द्यायला हवी अशी वाईट चाल आहे आणि तिचे गोडवे गाऊ नयेत. वाचक भडकले. सतीची प्रथा बंद झाल्यावर शंभर वर्षांनीही तिच्या गौरवावरून आपल्या देशात काय काय झालं ते आठवा, म्हणजे एका प्रांतिक दैनिकात हे छापणं किती अवघड गेलं असेल याची कल्पना येईल.

दोन वर्षांनी, नौदलाच्या खरेदीतल्या लाचखोरीचं प्रकरण गाजत असताना, त्यांची लेखणी मालकांच्या राजकीय मित्रांनाही लागली आणि नोकरी सोडावी लागली. मग नागोयाचं 'शिन आइची'. १९१८ च्या उन्हाळ्यात तांदळाचे भाव भडकले. तोयामा किनाऱ्यावरच्या कोळणींनी तांदळाची पोती बाहेर जाऊ देणार नाही म्हणून सुरुवात केली आणि बघता बघता देशभर दंगे पेटले. तेराउचींच्या सरकारनं दंग्यांच्या बातम्या छापायलाच बंदी घातली. तांदळाचा प्रश्न सोडवता येत नाही म्हणून बातम्या बंद करणाऱ्या सरकारनं पायउतार व्हावं, असं किर्यूंनी लिहिलं आणि आसपासच्या पत्रकारांना एकत्र केलं. सप्टेंबरात ते सरकार गेलं.

पण किर्यू म्हणजे कायम जिंकणारा माणूस नव्हे. १९२४ साली ते संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. नोकरीही गेली होती. घरात मोठं खटलं, खाणारी तोंडं पुष्कळ. १९२८ साली जुन्या 'शिनानो माइनिची'नं पुन्हा बोलावलं, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. आता स्वस्थ बसले असते तर निवृत्तीपर्यंत सगळं नीट पार पडलं असतं.

सरावावरचा अग्रलेख

ऑगस्ट १९३३. टोकियो आणि आसपासच्या कांतो प्रदेशात हवाई हल्ल्याचा भव्य सराव झाला. भोंगे वाजले, शहरभर दिवे घालवले, विमानं आकाशात आली. रेडिओवरून त्याचं वर्णन देशभर गेलं. दोन वर्षांपूर्वी जपानी लष्करानं मांचुरिया घेतलं होतं, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात जपाननं राष्ट्रसंघातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं होतं. वातावरण तापलेलं होतं आणि सरावात भाग घेणं हे देशभक्तीचं काम झालं होतं.

११ ऑगस्टला किर्यूंचा अग्रलेख आला. मथळ्यात या सरावाला 'हसतो' असं म्हटलं होतं, आणि जपानीत हसण्याचे जे शब्द आहेत त्यातला छद्मी हसण्याचा शब्द वापरला होता. मजकूर मात्र हसण्यावारी नेण्यासारखा अजिबात नव्हता. मला तर तो एखाद्या इंजिनिअरनं लिहिलेल्या रिव्ह्यूसारखा वाटला. मुद्दे साधारण असे.

शत्रूची विमानं टोकियोवर येतात असं या सरावानं गृहीत धरलंय. पण ती राजधानीवर पोचली याचाच अर्थ आपलं सैन्य हरलेलं आहे. आलेली सगळी विमानं पाडता येतील का? नाही. काही निसटणारच आणि निसटतील ती बॉम्ब टाकणार. टोकियो लाकडी घरांचं शहर आहे. एकदा आग लागली, की दहा वर्षांपूर्वी १९२३ च्या भूकंपात जे झालं तेच होणार. त्या भूकंपात एक लाखाहून जास्त माणसं गेली होती आणि त्यातली बहुसंख्य आगीत. दिवे घालवून उपयोग नाही, कारण आधुनिक उपकरणांना अंधारातही शहर सापडतं. उलट अंधारात लोकांची धावपळ आणि घबराट वाढेल. तेव्हा शत्रूला अडवायचं असेल तर ते दूर, समुद्राच्या बाजूलाच अडवलं पाहिजे.

यात युद्ध नको असं कुठेही नाही. सैन्य नको असंही नाही. जे तपासायला हवं ते या सरावात तपासलं जात नाही आणि जे तपासलं जातंय त्यातून खोटा धीर मिळतोय, एवढंच म्हणणं होतं.

नागानोतल्या राखीव सैनिकांच्या संघटनेनं हे उचलून धरलं. सम्राटांचा आशीर्वाद असलेल्या सरावाला हसणं म्हणजे सम्राटांचा अपमान, असा त्यांचा मुद्दा. किर्यूंना काढा, नाहीतर तुमच्या पेपरवर बहिष्कार टाकतो, अशी धमकी. लष्कराला यात थेट काहीच करावं लागलं नाही, हे लक्षात घ्या. ना अटक, ना खटला. वर्गणीदार तोडू, एवढ्या भीतीनंच काम झालं. पेपरनं माफी मागितली. किर्यूंना जावं लागलं. वय वर्षं साठ.

एका माणसाचं पाक्षिक

नागोयाच्या वेशीवर तेव्हा मोरियामा नावाचं एक लहान गाव होतं. किर्यू कुटुंबाला घेऊन तिथे राहिले. १९३४ साली त्यांनी एक वाचन मंडळ सुरू केलं. सभासदांनी वर्गणी द्यायची आणि किर्यूंनी महिन्यातून दोनदा एक पुस्तिका पाठवायची. परदेशात नवी पुस्तकं येत होती, ती त्यांनी इंग्रजीतून वाचायची आणि सार काढून जपानीत द्यायचं. म्हणजे नावाप्रमाणे खरोखरच दुसऱ्या डोंगरावरचे दगड. पण प्रत्येक अंकात त्यांचं स्वतःचं टिपणही असायचं, आणि ते असायचं सरकारवर, लष्करावर, चालू राजकारणावर.

छापायला पैसे कमी आणि वर्गणीदार मूठभर. लिहिणारा, भाषांतर करणारा, मुद्रितं तपासणारा, वर्गणीची वही ठेवणारा माणूस एकच.

मराठी वाचकाला हे चित्र परकं वाटू नये. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून 'निबंधमाला' काढली, तिचे चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकट्यानं लिहिले. आणि किर्यूंच्या अगदी समकालीन म्हणजे र. धों. कर्वे. 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ मध्ये निघालं आणि १९५३ साली कर्वे वारले तोवर चालू राहिलं. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांची प्राध्यापकी आधीच सुटली होती. पुढे अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एका खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. पदरमोड करून, लोकांच्या शिव्या खाऊन, महिन्यामागून महिना अंक काढत राहायचं. 'समाजस्वास्थ्य' आणि 'ताझान नो इशि' या दोघांना एकमेकांची गंधवार्ता नसणार. पण १९३६ सालच्या एखाद्या रात्री मुंबईत एक माणूस आणि मोरियामात दुसरा, दोघंही दिव्याखाली मुद्रितं तपासत बसले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कायद्याचा सापळाही सारखाच होता. जपानमध्ये १९०९ साली वर्तमानपत्रांचा नवा कायदा आला. चालू घडामोडींवर लिहायचं तर सरकारकडे अनामत रक्कम ठेवायची. पुढच्याच वर्षी, १९१० साली, इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात प्रेस ॲक्ट आणला. त्यातही अनामत रक्कम होती आणि सरकारला मजकूर खटकला तर ती जप्त व्हायची. गरीब संपादकाला गप्प करायला तुरुंगच लागतो असं नाही. हिशोबाची वही पुरते.

जपानी पद्धतीत आणखी एक खुबी होती. अंक छापून निघाला, की त्याच वेळी त्याच्या प्रती गृहखात्याला पाठवायच्या. खातं नंतर वाचणार आणि नको असेल तर विक्रीला बंदी करणार. म्हणजे कागदाचे, छपाईचे पैसे आधीच खर्च झालेले. सरकारला काय खटकेल याचा अंदाज संपादकानंच लावायचा, आणि तो चुकला तर नुकसान त्याचं. अशा वेळी माणूस काय करतो? चार ओळी आधीच गाळतो. मग आठ. मग तो विषयच सोडून देतो. बंदी घालायची वेळच येत नाही. मोठमोठी दैनिकं याच वाटेनं गेली. किर्यूंच्या अंकांवर मात्र पुन्हा पुन्हा बंदी येत राहिली. त्यांनी स्वतःहून किती कमी गाळलं, याचा तो एक पुरावाच म्हणायचा.

'मी सांगत नव्हतो का?'

२६ फेब्रुवारी १९३६. टोकियोत बर्फ पडत होतं. लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी सुमारे चौदाशे सैनिक घेऊन बंड केलं. अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांना त्यांच्या घरात ठार केलं, माजी पंतप्रधान साइतो माकोतो यांनाही. राजधानीचा मधला भाग तीन-चार दिवस बंडवाल्यांच्या ताब्यात होता.

किर्यूंनी लिहिलं त्याचा सूर होता, 'मी सांगत नव्हतो का?' चार वर्षांपूर्वी, १५ मे १९३२ रोजी, नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाइ त्सुयोशी यांना गोळ्या घातल्या होत्या. त्या खटल्यात लोकांची सहानुभूती मारेकऱ्यांकडे गेली. दयेचे अर्ज आले आणि शिक्षा सौम्य झाल्या. तेव्हा टाळ्या वाजवल्यात, म्हणून आज हे झालं, असं किर्यूंचं म्हणणं.

त्यांची एक युक्ती मला फार आवडते. १९३५ साली जपानात एक मोहीम जोरात होती. प्राध्यापक मिनोबे तात्सुकिचींनी सम्राट हे राज्यसंस्थेचं एक अंग आहेत असा सिद्धांत मांडला होता, तो पाखंड ठरवून राष्ट्राचं 'खरं स्वरूप' स्पष्ट करा, अशी ती मागणी. त्याला थेट विरोध करणं म्हणजे देशद्रोही ठरणं. किर्यूंनी काय केलं, तर १८८२ साली सम्राट मेइजींनी सैनिकांना दिलेला आदेश पुढे केला. त्यात सैनिकांनी राजकारणात पडू नये असं स्पष्ट होतं. राष्ट्राचं स्वरूप मग स्पष्ट करू, आधी सम्राटांनी सैनिकांना काय सांगितलं होतं ते स्पष्ट करा, असा त्यांचा मुद्दा. ज्या सम्राटांच्या नावानं त्यांची नोकरी घालवली, त्यांचाच शब्द त्यांनी लष्करासमोर धरला.

ही नुसती युक्ती नव्हती. किर्यू ना समाजवादी होते, ना राजेशाहीच्या विरोधात. मेइजींविषयी त्यांना मनापासून आदर होता. आज आपण त्यांना सरसकट 'युद्धविरोधी' म्हणून टाकतो, ते तितकंसं बरोबर नाही. ते एक जुन्या वळणाचे उदारमतवादी गृहस्थ होते आणि डोळ्यांसमोर दिसतंय ते नाकारायला तयार नव्हते.

त्याच वर्षी त्यांनी एका छोट्या टिपणात एक भेद मांडला. सांगावंसं वाटतं ते एक, आणि सांगणं भाग असतं ते दुसरं. पहिलं हा हक्क आहे, आणि ते सांगताना मजा येते. दुसरं हे कर्तव्य आहे. त्यात सुख नसतं आणि बहुतेक वेळा त्याची किंमत मोजावी लागते. आपण दुसरं करतोय, असं त्यांचं स्वतःविषयी म्हणणं होतं.

हे वाचून मी फोन खाली ठेवला. मी दिवसभर किती बोलते! ग्रुपवर, चहाच्या मशीनपाशी, मॅचवर, सरकारवर, सिनेमावर. सगळं पहिल्या प्रकारातलं. दुसऱ्या प्रकारातलं वर्षाकाठी एखादंच वाक्य असतं, आणि नेमकं त्याच वेळी मी दहा सेकंद गप्प बसते.

आणखी दोघं

किर्यू एकटेच नव्हते. मोठी वर्तमानपत्रं सरकारच्या सुरात सूर मिसळत गेली, तेव्हा अशा एकहाती नियतकालिकांतून काही माणसं बोलत राहिली.

यानाइहारा तादाओ हे टोकियो इम्पिरियल युनिव्हर्सिटीत वसाहतींच्या धोरणाचे प्राध्यापक. १९३७ साली त्यांचं हिंदुस्थानातल्या साम्राज्यशाहीवरचं पुस्तक आलं. इंग्रजांनी इथे काय केलं ते अभ्यासताना हा माणूस कोरिया आणि तैवानमध्ये आपला देश काय करतोय तेही बघत होता. त्याच वर्षी चीनशी युद्ध पेटलं. राष्ट्राचं ध्येय न्याय हे असायला हवं, अशा अर्थाचा लेख त्यांनी एका मासिकात लिहिला आणि डिसेंबरात त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वतःचं 'काशिन' हे छोटं मासिक सुरू केलं. युद्धानंतर ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

दुसरे मासाकि हिरोशी, वकील. १९३७ साली त्यांनी 'चिकाकि योरी' हे एकट्याचं मासिक काढलं. नावाचा अर्थ 'जवळून', म्हणजे सुरुवात जवळच्यापासून करायची. जानेवारी १९४४ मध्ये इबाराकी प्रांतात कोळशाच्या खाणीतला एक कामगार पोलिस कोठडीत मेला. मेंदूत रक्तस्राव झाला, असं पोलिस म्हणाले. मासाकिंना संशय आला. त्यांनी पुरलेलं प्रेत गुपचूप उकरायला लावलं, डोकं वेगळं करून ट्रेननं टोकियोला नेलं आणि न्यायवैद्यकाच्या तज्ज्ञाकडून तपासून घेतलं. मारहाणीच्या खुणा निघाल्या. पोलिसाला शिक्षा कायम व्हायला १९५५ साल उजाडलं. अकरा वर्षं!

शेवटचा अंक

१९४१ च्या उन्हाळ्यापर्यंत किर्यूंच्या घशात कॅन्सर पसरला होता. अन्न उतरेना. कागद टंचाईचा, सरकारचा दबाव वाढलेला. त्यांनी वर्गणीदारांना निरोपाचं पत्र लिहायला घेतलं. ते पत्र कडू आहे. पशूंसारखं वागू लागलेल्या या जगातून जायला मिळतंय याचा आपल्याला आनंदच आहे, असं ते म्हणतात. खंत एकच : युद्धानंतर जगात सैन्यांची जी मोठी कपात होईल, ती बघायला आपण नसू.

पर्ल हार्बरवर हल्ला व्हायला अजून तीन महिने होते. अमेरिकेशी युद्ध सुरूसुद्धा झालं नव्हतं आणि हा माणूस युद्धानंतरचं बोलत होता.

१० सप्टेंबर १९४१ रोजी किर्यू गेले. वय अडुसष्ट. या शेवटच्या अंकावरही सरकारनं बंदी घातली. एकूण १७६ अंक.

१० मार्च १९४५ च्या पहाटे अमेरिकेची जवळजवळ २८० बी-२९ विमानं टोकियोवर आली. रात्रीच्या अंधारात, खालून उडत. शहर लाकडाचं होतं, वारा जोराचा होता. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं जळून, गुदमरून, नदीत बुडून मेली. अनेकांना वेळीच पळता आलं नाही, त्यामागे एक कायदाही होता. हवाई संरक्षणाच्या कायद्यात १९४१ साली दुरुस्ती होऊन शहर सोडून जाण्यावर बंधनं आली आणि आग विझवणं हे नागरिकांचं कर्तव्य ठरलं. वर्षानुवर्षं सरावात शिकवल्याप्रमाणे बायाबापड्या बादल्या आणि ओले झाडू घेऊन उभ्या होत्या.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या अग्रलेखातलं जवळपास सगळं खरं ठरलं होतं.

मग त्याचा उपयोग काय झाला, असा प्रश्न मला पडला, तुम्हालाही पडला असेल. मूठभर वर्गणीदारांच्या पाक्षिकानं युद्ध थांबलं नाही. एकही बॉम्ब अडला नाही. खरं सांगायचं तर काहीच झालं नाही. तरीही एक गोष्ट उरते. युद्ध संपल्यावर पुष्कळ लोक म्हणाले, की आम्हाला माहीत नव्हतं, तेव्हा कुणालाच कळणं शक्य नव्हतं. किर्यूंचे अंक समोर असले की ते म्हणता येत नाही. कळणं शक्य होतं. तारीखवार, छापील पुरावा आहे. एका निवृत्तीच्या वयाच्या माणसाला, लष्कराचा एकही गुप्त कागद हाती नसताना, नुसतं वाचून आणि विचार करून कळलं होतं.

मोरियामा

पुढच्या रविवारी मी मेइतेत्सु कंपनीच्या सेतो लाइननं मोरियामाला गेले. गाव आता नागोयाचाच एक भाग झालंय. ज्या स्टेशनावर उतरले त्याचं नाव 'मोरियामा-जिएइताइ-माए'. जिएइताइ म्हणजे जपानचं आजचं स्वसंरक्षण दल. माए म्हणजे समोर. शेजारीच त्यांचा तळ आहे. ज्या माणसाची शेवटची इच्छा सैन्य कमी झालेलं बघायची होती, त्याच्या गावात स्टेशनाला नाव सैन्याचं. १९४७ च्या राज्यघटनेत जपाननं युद्धाचा त्याग केला, १९५४ मध्ये हे दल उभं केलं, आणि या दोन गोष्टींचं एकमेकींशी कसं जमवायचं हा वाद तिथल्या राजकारणात आजही चालू आहे. किर्यू असते तर काय लिहिलं असतं, माहीत नाही. एक टिपण नक्की लिहिलं असतं.

स्टेशनाबाहेर सायकली लावलेल्या होत्या, एक आजी भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या. मी तासभर नुसती फिरले आणि परतीची गाडी पकडली.

सोमवारी मेल लिहिला. चारच ओळी होत्या, पण लिहायला दोन तास लागले. मागच्या सरावात बॅकअपपुढे टिक मी केली होती. फाइल उघडून बघितली नव्हती. पुढच्या सरावाची वाट न बघता खरोखर डेटा परत आणून बघावा, अशी विनंती. उत्तर यायला दीड दिवस लागला. सीनियरनी माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलणं ठेवलं. मग एका शनिवारी आम्ही तो प्रयोग केला. पहिल्यांदा फसला. रात्री अकराला, तिसऱ्या प्रयत्नात, जमला.

माझी नोकरी गेली नाही, मला कुणी धमकावलं नाही. गेला तो एक शनिवार आणि थोडा मोकळेपणा. किर्यूंनी जे मोजलं त्याच्यापुढे याला किंमत म्हणायचीही लाज वाटते. पण ती टिक आता मी करते तेव्हा फाइल उघडून करते. त्या चार अक्षरांच्या स्लाइडपुढे मान डोलावण्यापेक्षा एवढं तरी बरं.